स्लेडच्या उजवीकडची जागा

चौकट अर्ध्यावर गेली आणि अडकली.

गायकवाड साहेबांनी ती तळहाताने ठोकली. आणखी थोडी सरकली आणि पुन्हा अडकली. मग त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला, वाकून आत पाहिलं आणि मला हाक मारली.

"मॅडम, हे बघा. इकडचा कोपरा घासून राह्यलाय, आन् तिकडं माझं बोट जातंय."

बोट खरोखरच जात होतं.

आम्ही जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे प्लांटमध्ये उभे होतो. गायकवाड साहेब तिथे मेन्टेनन्स बघतात. मी त्यांना लाकडी चौकटी पुरवते. माझं छोटं वर्कशॉप याच एमआयडीसीत, मागच्या रस्त्याला आहे.

चौकट कशाची, ते आधी सांगते. बियाण्याच्या प्लांटमध्ये ग्रेडर नावाचं मशीन असतं. त्यात एकाखाली एक चाळण्या असतात आणि मशीन त्यांना सारखं हलवत असतं. मोठं बी वर राहतं, बारीक खाली जातं. प्रत्येक चाळणीखाली एक लाकडी चौकट असते. ती कपाटाच्या खणासारखी मशीनच्या खाचेत सरकवायची. चौकटीत आडव्या पट्ट्या मारून लहान लहान घरं केलेली असतात आणि प्रत्येक घरात रबरी चेंडू टाकलेले असतात. मशीन हललं की चेंडू उडतात, चाळणीला खालून धडका देतात आणि भोकांत अडकलेलं बी सुटतं. बाहेरच्या माणसाला हे चेंडू दाखवले की तो हमखास हसतो.

चौकट नेमक्या काटकोनात हवी. जरा जरी तिरकी झाली तरी एक कोपरा घासतो आणि समोरच्या कोपऱ्याला फट राहते. त्या फटीतून बी न चाळता खाली पडतं. मग बारीक-जाड एक होतं आणि सगळा माल पुन्हा चाळावा लागतो.

"याच्या आधी तुमची चौकट कधी अडकली न्हाई," गायकवाड म्हणाले.

"न्हाई."

"हमीदभाई गेले न पुण्याला?"

"हो. दिवाळीनंतर."

"मंग आता कापतंय कोण?"

"मी."

"तुम्ही आन् कोण?"

"मीच."

त्यांनी चौकट बाहेर ओढली, भिंतीला टेकवली आणि हात झटकले.

"मॅडम, सरळ सांगतो. वरून म्हणून राह्यलेत, लाकडाचं बंद करा, अल्युमिनियमच्या तयार चौकटी मागवा. मी थांबवून धरलंय. आता शटडाउन हाय, मशीन उघडी हायेत. सीझन चालू व्हायच्या आत दोन चौकटी बराबर बसवून दाखवा. बसल्या तर सगळ्या ग्रेडरच्या तुमच्याच. न्हाई बसल्या तर माझ्या हातात काही न्हाई."

मी चौकट टेम्पोत टाकून परत आणली.

माझं अर्ध्याहून जास्त काम या चौकटींचं आहे. ते गेलं तर शेड ठेवण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या पाइपवाल्याला शेड हवंच होतं. तो दर आठवड्याला "काय ठरलं, ताई?" असं विचारून जायचा. मंठ्याहून दादाचा फोन यायचा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, तो शेती बघतो.

"मंगल, कशाला एकटी धूळ खात बसलीस? देऊन टाक ते शेड. घरी ये. इथं खोली रिकामी हाय."

"बघते," मी म्हणायचे.

मला त्या रिकाम्या खोलीत जायचं नव्हतं. लाकूड सोडून मला दुसरं काही येत नाही. आयटीआयला सुतारकामाच्या ट्रेडला मी एकटीच मुलगी होते. तिथून बाहेर पडल्यावर मला कुणी मशीनला हात लावू दिला नाही. हमीदभाईंनी दिला. पुढे आम्ही दोघांनी मिळून हे शेड घेतलं. ते वयाने माझ्याहून बरेच मोठे. लाकूड त्यांचं, माप, कोटेशन, फोन, याद्या माझ्या. मशीनवर मात्र दोघं.

मशीन म्हणजे टेबल सॉ. लोखंडी टेबल, त्याच्या मधून वर आलेलं गोल दातेरी पातं. लाकूड पात्यावर ढकलायचं. लांब पट्टी आडवी कापायची असली की आम्ही दोन बाजूंना उभे राहायचो. मी डावीकडे, ढकलायला. हमीदभाई उजवीकडे, पट्टीचं लांब टोक धरून. स्विच त्यांच्या बाजूला. ते एक डोळा मिटून बघायचे, "चलो" म्हणायचे आणि मी ढकलायचे. काटकोन लांब टोकावर ठरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे ते टोक त्यांनी कधी माझ्या हातात दिलं नाही. मीही मागितलं नाही.

मग त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, भुशात उभं राहायचं नाही. मुलगा पुण्याला असतो, तो येऊन घेऊन गेला. जाताना हमीदभाईंनी आपला गुण्या माझ्या टेबलावर ठेवला. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. "फ्लॅटमध्ये काय तपासू? सगळं सिमेंटचं," म्हणाले.

ते गेल्यावर माणूस शोधला. मिळेना. येणारे दोन दिवस यायचे आणि मग रोलिंग मिलमध्ये किंवा बियाण्याच्या गोदामात लागायचे. माझी एक यादी शेडच्या दाराजवळ पाटीवर लिहिलेली असते. "दुसरा माणूस बघणे" ही त्यातली पहिली ओळ. बाकीच्या ओळी लिहिल्या जातात, पुसल्या जातात. ती ओळ इतके दिवस तशीच होती की खडू पाटीत मुरला होता.

अडकलेली चौकट परत आणली त्या दिवशी मी तिच्या खाली लिहिलं: "स्लेड."

स्लेड मी व्हिडिओंत पाहिला होता. परदेशातली माणसं स्वच्छ वर्कशॉपमध्ये उभी राहून तो बनवून दाखवतात. ती सगळी एकटी असतात. लाकूड एकटेच उचलतात, एकटेच कापतात आणि कॅमेऱ्याशी बोलतात. मला त्यांची भाषा पुरी कळत नाही, पण हात कळतात. हमीदभाई गेल्यापासून जेवताना मी हेच व्हिडिओ लावत होते.

स्लेड म्हणजे एक सरकता पाट. लोखंडी टेबलावर पात्याच्या दोन्ही बाजूंना दोन सरळ खाचा असतात. प्लायचा मोठा पाट घ्यायचा. त्याच्या खाली दोन पट्ट्या मारायच्या, त्या या खाचांत बसून मागेपुढे सरकतात. पाटावर पुढच्या आणि मागच्या कडेला एकेक आडवी फळी कडेवर उभी करून बसवायची. आपल्या बाजूच्या फळीला फेन्स म्हणतात. लाकूड फेन्सला टेकवायचं आणि पाटासकट पात्यावर ढकलायचं. फेन्स पात्याशी काटकोनात असेल तर प्रत्येक काप काटकोनात. डोळा मिटून बघायची गरज नाही. "चलो" म्हणायला कुणी लागत नाही.

प्लाय चांगला घेतला, वाकणार नाही असा. खालच्या पट्ट्या जुन्या सागवानी दाराच्या चौकटीतून काढल्या. जुनं लाकूड हवेला फार दाद देत नाही. तरी पट्ट्या खाचेत मी किंचित सैल ठेवल्या. अगदी घट्ट बसवल्या तर पावसाळ्यात फुगतात आणि पाट जागचा हलत नाही. हे सैल ठेवणं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फेन्स बसवणं हे खरं काम. आधी एका टोकाला एकच स्क्रू मारला. म्हणजे फेन्स त्या स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यासारखी थोडी फिरते. हमीदभाईंचा गुण्या पात्याला आणि फेन्सला लावला, दुसऱ्या टोकाला क्लॅम्प आवळला. डोळ्याला बरोबर दिसलं. पण डोळ्याला बरोबर दिसलेली एक चौकट भिंतीला टेकून उभी होती.

म्हणून पाच कापांची टेस्ट केली. ही अगदी सोपी आहे. प्लायचा एक चौकोनी तुकडा घ्यायचा. एक बाजू कापायची. कापलेली बाजू फेन्सला लावायची आणि पुढची कापायची. असं फिरवत चारही बाजू कापायच्या. मग पाचव्या वेळी, पहिल्या बाजूची बोटभर रुंद पट्टी कापून काढायची. फेन्स तिरकी असेल तर प्रत्येक कापाला चूक आधीच्या चुकीवर चढत जाते आणि पाचव्या कापाला ती चौपट होऊन हातात येते. त्या पट्टीची दोन्ही टोकं मोजायची. जाडी सारखी असेल तर फेन्स बरोबर.

माझी सारखी आली नाही. व्हर्नियरवर, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या हत्यारावर, फरक दिसत होता. क्लॅम्प सोडून फेन्स सरकवायची होती, पण किती? केसभर. हाताने केसभर सरकत नाही. मग फेन्सच्या टोकामागे एक ठोकळा पक्का केला आणि फेन्स व ठोकळा यांच्या मध्ये कागद घातला. शेडमध्ये जाड कागद एकच होता, पाइपवाल्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका. तिच्या पट्ट्या कापल्या. एक पट्टी घातली, पुन्हा पाच काप. अजून फरक. दुसरी घातली, पुन्हा पाच काप. संध्याकाळपर्यंत वधूपक्षाचे सगळे काका-मामा कापून झाले आणि पाचव्या कापाची पट्टी दोन्ही टोकांना सारखी आली. व्हर्नियरचा काटा हलला नाही. बाकीचे स्क्रू मारले, पुन्हा एकदा टेस्ट घेतली. तशीच.

मी स्लेड पुसला. मागे वळून काहीतरी म्हणणार होते. कुणी नव्हतं. मशीनचा आवाज थांबल्यावर शेड फार मोठं वाटतं.

एवढ्यात चहावाला आला. चौकातल्या टपरीवरून तो चारच्या सुमाराला येतो, त्या दिवशी उशीर झाला होता. तो अजून दोन ग्लास आणायचा. मी त्याला सांगितलं नव्हतं. आधी वाटलं, उद्या सांगू. मग सांगायची वेळ निघून गेली. दोन्ही मीच प्यायचे.

दुसऱ्या दिवशी चौकटीच्या पट्ट्या कापायला घेतल्या. लांब पट्ट्या, त्यांची टोकं काटकोनात हवीत. सगळ्या कापल्या, खाचा पाडल्या, चौकट जुळवली, क्लॅम्प आवळले आणि टेप घेतला. चौकट सरळ आहे का, हे बघायची पद्धत म्हणजे कर्ण मोजणे. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापं सारखी आली की झालं.

आली नाहीत. जवळजवळ आधीच्याच चौकटीइतका फरक.

टेप उलटा धरून पुन्हा मोजलं. तेवढंच.

मग मी नेहमी जे करते ते केलं. पाटीवर काय काय चुकलेलं असू शकतं ते लिहिलं आणि एकेक तपासलं. पातं: सरळ. पात्याचा नट: आवळलेला. फेन्सचे स्क्रू: पक्के. लाकडाचा बाक: नाही. पाच कापांची टेस्ट: पुन्हा घेतली, पट्टी दोन्ही टोकांना सारखी. म्हणजे स्लेड बरोबर होता आणि स्लेडवर कापलेली पट्टी चूक होती. पाटीवर पुसायला काही उरलं नाही. फक्त पहिली ओळ.

पुण्याला फोन लावला.

"सलाम ताई," हमीदभाई म्हणाले. मागे टीव्हीचा आवाज होता. तो बंद झाला.

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मध्येच खोकले.

"खालची पट्टी सैल हाय नं? मंग तीच असंल."

"तीच पट्टी टेस्टला पण हाय. टेस्ट बराबर येते."

"हां. ये भी सही हय." मग त्यांनी विचारलं, "लाकूड ओलं तर न्हाई?"

"सहा महिने शेडात पडलंय. तुम्हीच तर आणलं होतं."

"मंग मला न्हाई समजत, ताई. मी तर असा पाट कधी केलाच न्हाई. आपण दोघंच पाट होतो." ते हसले. मग म्हणाले, "जरा मशीन चालू करून ऐकवा."

मला वाटलं, आवाजावरून काही ओळखतील. फोन टेबलाजवळ धरला, मशीन चालू केलं, एक फुकटचा तुकडा कापला. बंद केलं.

"काय कळलं?"

"काय न्हाई. नुसतं ऐकायचं होतं," ते म्हणाले. "इथं लिफ्टचा आवाज येतो दिवसभर."

मी मशीन पुन्हा चालू केलं आणि आणखी एक फुकटचा तुकडा कापला.

सकाळी गायकवाड आले. न कळवता. बाइक दारात लावली, हेल्मेट हँडलला अडकवलं.

"झाल्या का चौकटी? आज बसवून बघू. उद्यापासून उघडलेली मशीन परत झाकून लावायची हायेत."

"झाल्या न्हाईत."

"म्हणजे?"

"एक झाली. ती तिरकी हाय."

त्यांनी कमरेवर हात ठेवले. त्यांना राग आला नव्हता. तो आला असता तर बरं झालं असतं. ते नुसते शेडकडे बघत होते. पाइपवाला बघतो तसे.

"जाऊ द्या, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही करून बघितलं. दोन माणसांचं काम हाय हे."

"पाच मिनिटं थांबा," मी म्हणाले. "हा पाट चुकत न्हाई. मी दाखवते."

त्यांना स्लेड दाखवला. पाच काप मारले. व्हर्नियर त्यांच्याच हातात दिला. त्यांनी दोन्ही टोकं मोजली, भुवया उडवल्या.

"हे तर एक नंबर हाय. मंग चौकट कामून तिरकी?"

"तेच कळत न्हाई. थांबा, एक पट्टी कापते. तुम्ही तिकडून बघा."

लांब पट्टी उचलली, फेन्सला टेकवली. तिचा अर्ध्याहून जास्त भाग स्लेडच्या उजवीकडे बाहेर जात होता. उजवीकडे जाऊन स्विच दाबला, परत येऊन डाव्या हाताने पट्टी धरली, उजवा तळवा त्याच्या शेजारीच फेन्सच्या डाव्या टोकाला लावला. ढकललं. कापलं. मशीन बंद केलं.

गायकवाड पात्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा."

"तिकडं कोण येणार हाय?"

"कुठं?"

"तिकडं. उजवीकडं." त्यांनी हाताने दाखवलं. "मघाशी तो बारका तुकडा कापला तवा तुम्ही बराबर मधी व्हत्या. दोन हात दोन बाजूला. आता लांब पट्टी आली तर तुम्ही पार तिकडच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राह्यल्या. म्या म्हणलं, कुणासाठी जागा सोडून राह्यल्यात?"

मी खाली बघितलं. फरशीवर भुसा होता आणि माझ्या चपलांच्या जागा त्यात दिसत होत्या, अगदी डाव्या कडेला. उजवीकडचा भुसा कुणी तुडवलेला नव्हता.

आता काय होत होतं, ते सांगते. लहान तुकडा हमीदभाई कधी धरत नसत. तो एकट्याचा काप. तिथे मी मधोमध उभी राहायचे, आणि टेस्टही लहान तुकड्यावरच होती. लांब पट्टी आली की माझे पाय आपोआप डावीकडे जायचे, कारण उजवी बाजू त्यांची. मग मी एकाच टोकाकडून ढकलायचे. खालच्या पट्ट्या खाचेत किंचित सैल. एका बाजूने ढकललं की पाट तेवढ्या सैलपणात वळतो, जाम झालेला ड्रॉवर एका बाजूने ओढल्यावर वळतो तसा. त्यात पट्टीचं लांब टोक उजवीकडे हवेत लोंबत होतं. ते मागे राहायचं आणि पट्टी फेन्सपासून जराशी सुटायची. प्रत्येक काप थोडा तिरका. चार कोपऱ्यांना मिळून पूर्ण बोट जाईल एवढा.

पाट सरळ होता. मी तिरकी उभी होते.

"हमीदभाई उभे राहायचे तिथं," मी म्हणाले.

"ते माहीत हाय मला," गायकवाड म्हणाले. मग घसा साफ करून, "पण ते तर आता पुण्याला गेलेत न."

मला हसू आलं. त्यांनाही आलं.

"मी धरू का तिकडून?" त्यांनी विचारलं.

"नको. तुम्ही रोज येणार आहात का?"

"ते बी खरं."

कोपऱ्यात एक घोडी पडलेली होती. घोडी म्हणजे लाकूड टेकवायचा चार पायांचा स्टँड. रंग द्यायच्या कामाला वापरायचो. तिचे पाय कापून उंची स्लेडच्या पाटाबरोबर केली, वर गुळगुळीत सनमायक्याची पट्टी मारली आणि ती उजवीकडे उभी केली. बरोबर जिथे ते उभे राहायचे तिथे. पट्टीचं लांब टोक आता तिच्यावरून सरकणार होतं. स्विचही काढून टेबलाच्या पुढे, माझ्या गुडघ्याजवळ आणला. ते काम महिनोन्महिने डोक्यात होतं आणि मी ते टाळत होते. का, ते तेव्हाच कळलं.

मग मध्ये उभी राहिले. अगदी पात्याच्या रेषेत नाही. लाकूड उलट फेकलं गेलं तर पोटावर येतं, म्हणून वीतभर बाजूला. पट्टी क्लॅम्पने फेन्सला आवळली. एक हात पात्याच्या डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हात पात्यापासून लांब. पायाखाली न तुडवलेला भुसा होता. कुणाच्या तरी खुर्चीत बसल्यासारखं वाटत होतं.

ढकललं.

दुपारपर्यंत सगळ्या पट्ट्या पुन्हा कापल्या. गायकवाड जायचे थांबले होते. स्टुलावर बसून फोनवर प्लांटला "येतो, येतो" म्हणत होते. चौकट जुळवली. टेप एका कोपऱ्याला त्यांनी धरला, एका कोपऱ्याला मी. एक कर्ण. मग दुसरा.

"तेवढाच," ते म्हणाले. "पुन्हा बघा बरं."

पुन्हा बघितलं. तेवढाच.

दुसरी चौकट संध्याकाळच्या आत झाली. गायकवाडांनी प्लांटचा टेम्पो बोलावला आणि दोन्ही तिकडे नेल्या. पहिली ग्रेडरच्या खाचेला लावली आणि गायकवाडांनी एका हाताने आत सारली. ती शेवटपर्यंत गेली आणि मागे टेकल्याचा आवाज आला. त्यांनी टॉर्च मारून चारही कोपरे बघितले, बोट घालून बघितलं. बोट गेलं नाही. दुसरीही तशीच बसली. त्यांनी चेंडू टाकून मशीन नुसतं फिरवून बघितलं. चेंडू आत टपाटप उडायला लागले. मला तो आवाज पावभाजीच्या तव्यासारखा वाटतो, कुणाला सांगितलं तर पटत नाही.

"बाकीच्या कधी देता?" ते म्हणाले.

"यादी पाठवा. उद्यापासून घेते."

"माणूस मिळंपर्यंत थांबू का?"

"नका थांबू."

घरी जायच्या आधी पुण्याला फोन केला.

"बसली?" हमीदभाईंनी हॅलोच्या आधी विचारलं.

"बसली. दोन्ही."

"गलती काय व्हती?"

सांगितलं. 

"मंग आता माझ्या जागेवर कोण हाय?"

"घोडी."

"घोडी!" ते इतके हसले की खोकला आला. मागून सुनेचा आवाज आला, अब्बा, पाणी घ्या. पाणी पिऊन ते पुन्हा फोनवर आले. "चार पायाची का तीन?"

"चार."

"बराबर. मजबूत हाय. बिडी पीत न्हाई, खोकत न्हाई. बोलती का?"

"न्हाई."

"तेवढंच कमी हाय मंग," ते म्हणाले. यावर दोघंही हसलो नाही.

शेड मी दिलं नाही. पाइपवाल्याला सांगितलं. त्याने लग्नाला का आली नाहीस म्हणून विचारलं, तेव्हा मी विषय बदलला. दादाला सांगितलं, तो "बघ बाई" म्हणाला. चौकटींचं काम या सीझनला पूर्ण झालं आणि पुढच्याचं बोलणं झालं आहे. दाराजवळच्या पाटीवरची पहिली ओळ मी कायमची पुसली नाही. माणूस मिळाला तर हवाच आहे. फक्त ती आता वरून पुसून शेवटी लिहिली आहे.

कुणी स्लेड बनवणार असेल तर दोन गोष्टी. एक, टेस्ट लहान तुकड्यावर घ्या, पण तिच्यावर विसंबून राहू नका; जे लाकूड रोज कापायचं आहे तेही कापून मोजा. दोन, मोजूनही चूक सापडली नाही तर पाट बाजूला ठेवा आणि आपण कुठे उभे आहोत ते बघा.

चहा अजून दोनच येतात. चहावाल्याला ठेवायला दुसरी जागा सापडली नाही की तो दुसरा ग्लास घोडीवर ठेवतो. काम सुरू करायच्या आधी मी तो ग्लास पिऊन टाकते आणि वरचा ओला गोल पुसून घेते. घोडीवर पट्टीशिवाय काहीही ठेवायचं नाही, हा आता शेडचा नियम आहे.